समज देऊन सोडले

मुंबईच्या जुन्या रस्त्यांच्या कडेला काळ्या दगडाचे काही ठोकळे अजून उभे आहेत. फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चला शून्य धरून इंग्रजांच्या अमदानीत शहराची अंतरे मोजली गेली आणि मैलामैलाला असा एक दगड रोवून त्यावर रोमन आकडा कोरला गेला. दर दुरुस्तीला पदपथ वर चढत गेले, तसे यांतले बरेच दगड गळ्यापर्यंत गाडले गेले. अलीकडच्या वर्षांत महानगरपालिकेने त्यांतले काही मोकळे करून नीट उभे केले. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला अशा दगडांचे वेड लागले तर त्यात नवल नाही. निवृत्तीनंतर मी त्यांची नोंद ठेवू लागलो. प्रत्येक दगडाचे चारही बाजूंनी फोटो, शेजारी फुटपट्टी ठेवून एक फोटो, आणि जवळच्या कायमच्या खुणेपासून त्याचे अंतर; म्हणजे उद्या रस्ता रुंदीकरणात दगड हलला, तरी त्याची मूळ जागा निदान कागदावर सापडावी.

यातला एक दगड एका सरकारी आस्थापनेच्या कुंपणभिंतीपासून हाताच्या अंतरावर आहे. आस्थापना संरक्षण खात्याची नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तिचे नाव, पोलीस ठाण्याचे नाव आणि तिथल्या माणसांची नावे मी लिहिणार नाही, कारण माझी तक्रार माणसांपेक्षा पद्धतीविषयी आहे. माझ्याबरोबर शेजारच्या इमारतीतला, वास्तुशास्त्र शिकणारा एक मुलगा होता. कॅमेरा त्याचा, फीत आणि वही माझी. रविवारची सकाळ होती, रस्ता मोकळा होता, आणि आम्ही दोघे पदपथावर उकिडवे बसून दगडाची उंची घेत होतो.

भिंतीच्या आतून खासगी सुरक्षारक्षक आला आणि म्हणाला, "ओ काका, इकडे फोटो अलाऊड नाही." मी म्हटले, आम्ही दगडाचा फोटो घेतो आहोत. तो म्हणाला, "दगडाचा फोटो कोण काढतं?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे थोडक्यात देता येईल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी चर्च, मैल, रोमन आकडे असे सांगू लागलो तेव्हा त्याचा संशय वाढतच गेला. तोपर्यंत पाचपन्नास पावलांवरची चहाची टपरी आमच्याभोवती जमली होती. गर्दीतला एक जण "रेकी करतायत" असे मोठ्याने म्हणाला आणि त्यानंतर वातावरण पालटले. एका गृहस्थाने मोबाइल काढून आमचे चित्रीकरण सुरू केले. त्यात दगड, फाटक, भिंत, रक्षक आणि आम्ही असे सगळे आले असणार. त्याला कोणीही हटकले नाही. थोड्याच वेळात मोटारसायकलवरून दोन बीट मार्शल आले, त्यांनी दोन मिनिटे ऐकून घेतले आणि "ठाण्यात येऊन साहेबांना भेटून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे" असे सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ प्रमाणे पोलिसांच्या कायदेशीर सूचना पाळणे नागरिकावर बंधनकारक आहे. सूचना कायदेशीर आहे की नाही, हा वाद पदपथावर घालण्यात अर्थ नसतो, हे सरकारी नोकरीने मला शिकवले होते. आम्ही गेलो.

या संशयाला आधार नाही, असे मी म्हणणार नाही. या शहराने १९९३ पाहिले आहे, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलच्या डब्यांत झालेले सात स्फोट पाहिले आहेत, आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र पाहिली आहे. त्या हल्ल्याआधी डेव्हिड हेडली २००६ ते २००८ या काळात पुन्हा पुन्हा मुंबईत आला आणि हल्ल्याची ठिकाणे व्हिडिओवर टिपून घेऊन गेला. अमेरिकेतल्या न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली. कॅमेरा हातात घेतलेला माणूस पोलिसांच्या डोळ्यांत खुपतो, त्यामागे ही आठवण आहे. पण आठवण पुरी ठेवावी. हेडली उकिडवा बसून दगड मोजत नव्हता. तो ताजमध्ये उतरला, ताडदेवला त्याने व्यवसायाचे कार्यालय थाटले, आणि दाऊद गिलानी हे आपले नाव त्याने २००६ मध्येच बदलून घेतले होते, ते यासाठी की अमेरिकी पासपोर्ट आणि नवे नाव पाहून कोणाला शंका येऊ नये. ती आली नाही. जो दिसायला ठीक त्याला सोडायचे आणि जो विचित्र वाटतो त्याला बसवून ठेवायचे, ही गाळणी ज्या एका प्रसंगात खरोखर कामी यायला हवी होती, त्यातच ती फुटकी निघाली. त्याच हल्ल्याची दुसरी बाजूही आहे. सीएसटी स्थानकात बंदूक घेऊन चालणाऱ्या कसाबचा फोटो सेबॅस्टियन डिसूझा या वृत्तछायाचित्रकाराने जीव धोक्यात घालून काढला, खटल्यात त्यांनी साक्ष दिली आणि तो फोटो पुरावा म्हणून उभा राहिला.

ठाण्यात आम्हाला ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसवले. कोणी उद्धटपणे बोलले नाही, हे आधी नोंदवतो. मला पाणी विचारले. माझे आडनाव आणि खाते ऐकल्यावर टेबलापलीकडच्या हवालदारांचा सूर सैल झाला. त्यांच्या गावच्या जमिनीची मोजणी अडकलेली होती, आणि तातडीच्या मोजणीची फी आता किती आहे यावर आम्ही चार वाक्ये बोललोही. मग मुलाला नाव विचारले. त्याने ते सांगितले. पुढचा प्रश्न "मूळ गाव कुठलं?" हा होता, जो मला विचारला गेला नव्हता, त्यापुढचा "वडील काय करतात?", आणि त्यापुढचा "या काकांची ओळख कशी?" मुलगा याच शहरात जन्मला आहे, त्याचे मराठी माझ्या नातवापेक्षा चांगले आहे. उत्तरे त्याने न अडखळता दिली. पण प्रत्येक उत्तरापूर्वी तो क्षणभर माझ्याकडे पाहत होता, आणि माझी मान त्याच्यासाठी आपोआप हलत होती, जणू मी त्याचा जामीन होतो. त्या बाकावर आम्ही दोघे शेजारी बसलो होतो, पण एकाच ठाण्यात नव्हतो.

मग वही पाहिली गेली. माझ्या वहीत त्या दगडाचे हातनकाशाचे पान होते: भिंतीची रेघ, फाटकाच्या खांबापासून दगडापर्यंतचे अंतर, विजेच्या खांबापासूनचे अंतर, उत्तर दिशा दाखवणारा बाण. आमच्या खात्यात अशाला टिपण म्हणतात आणि कोणत्याही गावाच्या कोणत्याही गटाचे असे टिपण सरकारदप्तरी असते. दुय्यम निरीक्षक साहेबांनी ते पान दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "काका, तुम्ही गेटचं माप घेतलंय." मी म्हटले, गेटचे नाही, गेटपासूनचे. ते म्हणाले, "ऑफिशियल सिक्रेट्स लागू शकतो, माहीत आहे ना?" मला ते तेव्हा ढोबळ माहीत होते, तपशील मी नंतर वाचला.

कॅमेऱ्याची तपासणी झाली ती अशी. शिपायाने कॅमेरा मागितला, मुलाने तो दिला, आणि मागच्या पडद्यावर एकेक फोटो सरकवला जाऊ लागला. दगडाचे फोटो आठ-दहाच होते, ते लगेच संपले. त्यामागे मुलाच्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो होते. शिपायाचे बोट थांबले नाही. मेंदी, हॉलमधली जेवणाची रांग, बहिणीचा खोलीत तयार होतानाचा फोटो, असे सगळे त्या टेबलावर तीन माणसांनी पाहिले. मुलगा एकदाच म्हणाला, "सर, ते घरचे आहेत." शिपाई म्हणाला, "बघतोय फक्त." शेवटी दगडाचे सर्व फोटो पुसायला सांगितले आणि मुलाने ते आपल्या हाताने पुसले.

या पुसण्याचा मी नंतर बराच विचार केला. दगडाचा फोटो काढणे गुन्हा असेल, तर तो फोटो पुरावा आहे. तो जप्त करायला हवा, पंचनामा व्हायला हवा, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे त्या झडतीचे आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण व्हायला हवे. पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे. आणि फोटो काढणे गुन्हा नसेल, तर तो पुसायला सांगण्याचा अधिकार कोणत्या कलमातून येतो? दोन्हींपैकी कोणतीही बाजू घेतली तरी पोलिसांनी सांगितले ते कायद्यात बसत नाही. प्रत्यक्षात मात्र हेच सर्वत्र होते, कारण त्याने दोन्ही पक्षांचे काम झटपट उरकते. फोटो गेला, प्रकरण मिटले, लिहायचे काही उरले नाही. (पुसलेले फोटो मुलाने त्याच संध्याकाळी कार्डावरून परत मिळवले. कार्डावर नवे काही उतरवले नसेल तर ते बहुधा मिळतात, हे त्याच्या पिढीतल्या कोणालाही माहीत आहे. म्हणजे पुसून घेण्याने सुरक्षाही साधली नव्हती.)

निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट झाली. एका शिपायाने आपल्या स्वतःच्या मोबाइलवर आमच्या दोघांच्या आधार कार्डांचे फोटो घेतले, मग आम्हाला भिंतीपाशी उभे करून समोरून एकेक फोटो घेतला. हे कुठे जाणार, असे मी विचारले. "ग्रुपवर टाकायला लागतं," तो म्हणाला. कोणता ग्रुप, त्यात कोण, तो किती दिवस राहणार, हे त्यालाही सांगता आले नसते. गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम २०२२ मध्ये संमत झाला तेव्हा त्यावर बरीच टीका झाली होती, कारण त्याखाली घेतलेली मापे, ज्यांत फोटो, बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांच्या नोंदी येतात, ७५ वर्षे जपता येतात. पण त्या कडक कायद्यातही हा अधिकार दोषी ठरलेल्या, चांगल्या वर्तणुकीची हमी द्यायला लावलेल्या किंवा अटक झालेल्या व्यक्तींपुरता आहे. इतरांच्या बाबतीत दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करण्याची तरतूदही त्यात आहे. आम्हाला अटक झालेली नव्हती. म्हणजे अटक झालेल्या माणसाच्या फोटोला जे संरक्षण आहे, तेवढेही आमच्या फोटोला नाही. हैदराबादमध्ये एस. क्यू. मसूद या कार्यकर्त्याला २०२१ च्या टाळेबंदीत रस्त्यात थांबवून, मास्क काढायला सांगून, त्याने नकार दिला तरी पोलिसांनी त्याचा फोटो घेतला, तेव्हा त्याने हाच प्रश्न तेलंगणा उच्च न्यायालयात नेला आणि चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेलाच आव्हान दिले. माझी झेप तेवढी नाही. पण त्या भिंतीपाशी उभे असताना, मी ज्या दगडाचा फोटो घेतला त्याची नोंद कोणाला नको होती आणि माझी नोंद मात्र सर्वांना हवी होती, हे लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

शेवटी एका कोऱ्या कागदावर "यापुढे असे कृत्य करणार नाही" असे लिहून द्यायला सांगितले. मी लिहून दिले ते असे: अमुक वेळी, सार्वजनिक पदपथावरून, मैलाच्या दगडाचे फोटो घेत असताना आम्हाला येथे आणले, विचारपूस झाली, फोटो पुसण्यास सांगितले, आम्ही पुसले. खाली वेळ घातली आणि सही केली. साहेबांनी वाचले, कपाळाला आठी घातली, पण कागद ठेवून घेतला. त्याची प्रत मागितली तेव्हा "कशाला वाढवताय काका, तुमच्यावर काही केस नाही" असे उत्तर मिळाले.

माझी सगळी अडचण या वाक्यात आहे. केस असती तर कागद असते. नोकरीत मी हजारो मोजण्या केल्या. कोणाच्या शेतात फीत टाकण्यापूर्वी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते, तारीख कळवावी लागते, जागेवर पंच आणि जबाब लागतात, आणि निकाल मान्य नसेल तर वर दाद मागता येते. जमिनीच्या वीतभर हद्दीसाठी सरकारने एवढी शिस्त स्वतःला लावून घेतली आहे. माणसाला सकाळच्या वेळी दीड-दोन तास बसवून ठेवण्याला, त्याच्या घरचे फोटो पाहण्याला आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकण्याला मात्र एक ओळीचा कागद लागत नाही. विचारपूस करण्याचा अधिकार पोलिसांना असलाच पाहिजे. त्या अधिकाराचा वापर कुठेतरी लिहिला गेला पाहिजे, एवढेच मला म्हणायचे होते, आणि त्यासाठी माहितीचा अधिकार हा एकच मार्ग मला नीट येत होता.

अर्ज करण्यापूर्वी मी शासकीय गुपिते अधिनियम, १९२३, म्हणजे साहेबांनी नाव घेतलेला ऑफिशियल सिक्रेट्स, वाचून काढला. त्यातले कलम ३ खरोखर कडक आहे. निषिद्ध ठिकाणाजवळ जाणे, त्याचा नकाशा किंवा रेखाचित्र करणे हे सगळे त्यात येते. पण ते कृत्य राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधक अशा हेतूने केलेले असावे लागते. आणि निषिद्ध ठिकाण म्हणजे काय, याची व्याख्या कलम २(८) मध्ये दिली आहे. संरक्षणाची कामे, शस्त्रागारे, गोद्या वगैरे थेट त्यात आहेत. इतर सरकारी जागा निषिद्ध ठरवायची तर केंद्र सरकारची राजपत्रात अधिसूचना हवी, आणि त्या अधिसूचनेची प्रत त्या जागेवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावलेली हवी. म्हणजे साहेबांनी ज्या कायद्याचे नाव घेतले त्यानेच मुंबईतल्या त्या भिंतीवर मराठीत अधिसूचना चिकटवणे सक्तीचे केले आहे. तिथे होता तो "छायाचित्रणास मनाई" असा गंजका पत्रा, तोही फाटकाच्या आतल्या बाजूला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये याच व्याख्येवर बोट ठेवून सांगितले की, पोलीस ठाणे हे निषिद्ध ठिकाण नाही आणि तिथे चित्रीकरण केले म्हणून या अधिनियमाखाली गुन्हा लावता येत नाही. वर्ध्यातल्या एका प्रकरणातला गुन्हा न्यायालयाने रद्द केला. पोलीस ठाण्याच्या आतच जर हे लागू नसेल, तर पदपथावरच्या दगडाचे काय सांगावे!

माहिती अधिकाराच्या अर्जाचे जोडपत्र 'अ' भरले, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि महाराष्ट्राच्या नियमांतली दीडशे शब्दांची मर्यादा सांभाळून मागणी लिहिली. इथे एक अनुभवाची गोष्ट सांगतो. "आम्हाला कोणत्या अधिकाराने बसवून ठेवले?" असे लिहिले की "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही" असे उत्तर हमखास येते, म्हणून सगळे कागदाच्या रूपात मागावे. मी मागितले ते असे: त्या ठिकाणी छायाचित्रणास मनाई करणाऱ्या अधिसूचनेची किंवा आदेशाची प्रत; त्या दिवसाच्या स्टेशन डायरीतील आमच्यासंबंधीच्या नोंदीची प्रत; मी सही करून दिलेल्या कागदाची प्रत; आमच्या घेतलेल्या फोटोंची आणि आधार कार्डांच्या प्रतिमांची ज्या नोंदवहीत किंवा प्रणालीत नोंद झाली तिचा उतारा; आणि ठाणे अंमलदारांच्या कक्षातले त्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण. कारण लिहिले नाही; ते लिहावे लागत नाही, माहिती अधिकार कायद्याचे कलम ६(२) तसे स्पष्ट म्हणते.

सीसीटीव्ही मागण्यामागे आधार होता. परमवीरसिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला आहे. मानवी हक्कांचा भंग झाल्यास आपले चित्रण जपून ठेवण्याचा हक्क पीडिताला आहे, असा फलक ठाण्याच्या दारात स्थानिक भाषेत लावण्यासही न्यायालयाने सांगितले आहे. त्या ठाण्यात कॅमेरा होता. बाकावरून तो थेट समोर दिसत होता. फलक मला दिसला नाही.

मुदत संपण्याच्या बेतात उत्तर आले. अधिसूचनेबाबत: "माहिती निरंक," म्हणजे तसा कागदच नाही. डायरीबाबत: तपासात बाधा येईल म्हणून कलम ८(१)(ह) खाली नकार. तपास कोणत्या गुन्ह्याचा, तर गुन्हा नोंदच नाही. तपास चालू आहे एवढे म्हणणे नकाराला पुरेसे नाही, बाधा कशी येते ते दाखवावे लागते, हे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्येच सांगितले आहे. आमच्या फोटोंबाबत: "अभिलेखावर नोंद नाही." आणि चित्रणाबाबत: त्यात त्रयस्थ व्यक्ती दिसत असल्याने त्यांच्या खासगीपणास बाधा येईल. हे वाचून मी कागद खाली ठेवला आणि थोडा वेळ हसलो. साखरपुड्याचे फोटो टेबलावर तीन जणांनी पाहिले तेव्हा त्रयस्थांचा खासगीपणा कोणाला आठवला नव्हता. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले ते नागरिकाचे सरकारपासून रक्षण व्हावे म्हणून. त्याचा पहिला लाभार्थी पोलीस ठाण्याचा कॅमेरा ठरेल, असे त्यांना वाटले नसावे.

वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील केले. सुनावणी एका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दालनात झाली, आणि माझा अनुभव सांगायचा तर चांगली झाली. त्यांनी फाइल वाचलेली होती. जन माहिती अधिकाऱ्यांना त्यांनी विचारले, "गुन्हा नंबर काय?" उत्तर नव्हते. "मग ८(१)(ह) कशाला लावलं?" त्यालाही उत्तर नव्हते. मला त्यांनी विचारले, दगडाचे फोटो कशासाठी काढता, आणि मी सांगितले तेव्हा त्यांनी टेबलावरच्या शहराच्या नकाशात सेंट थॉमस चर्च शोधून काढले. जाताना म्हणाले, "तुम्ही आधी ठाण्याला कळवून गेला असतात तर हे झालं नसतं." सल्ला सद्भावनेचा होता, तरी तो मला पटला नाही. सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून जे कोणालाही दिसते त्याचा फोटो घेण्यासाठी आधी पोलिसांना कळवायचे, हे एकदा मान्य केले की न कळवणारा प्रत्येक जण संशयित ठरतो. आणि कळवायला जाण्याची हिंमत माझ्यासारख्या निवृत्त सरकारी माणसाला होईल, त्या मुलाला होणार नाही.

आदेशानुसार मला डायरीच्या नोंदीची प्रत मिळाली. दोन ओळींची नोंद आहे: दोन इसम सरकारी आस्थापनेजवळ संशयास्पदरीत्या छायाचित्रण व मोजमाप करताना मिळून आले, त्यांच्याकडे चौकशी केली असता समाधानकारक उत्तरे मिळाल्याने समज देऊन सोडण्यात आले. फोटो पुसले याचा उल्लेख नाही, कॅमेरा पाहिला याचा नाही, आमचे फोटो घेतले याचाही नाही. नोंदीत आमची नावे आहेत, पत्ते आहेत. उत्तरे समाधानकारक होती असेही आहे, पण "संशयास्पदरीत्या" हा शब्द त्यांच्या आधीच येऊन बसला आहे आणि तो आता तसाच राहणार. मी सही करून दिलेला कागद "शोध घेऊनही आढळून आला नाही." चित्रणाच्या बाबतीत, इतरांचे चेहरे झाकून ते द्यावे असा आदेश झाला, कारण कायद्याच्या कलम १० प्रमाणे देण्याजोगा भाग वेगळा करून देता येतो, त्यावर ठाण्याने कळवले की, तांत्रिक बिघाडामुळे त्या कालावधीचे चित्रण उपलब्ध नाही. नकाराच्या पहिल्या उत्तरात त्याच चित्रणात त्रयस्थ व्यक्ती दिसत होत्या. पोलीस ठाण्यांतले कॅमेरे बंद असल्याच्या बातम्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आहे, त्यामुळे हे दुखणे एका ठाण्याचे नाही, हे उघड आहे. शहरातल्या रस्त्यांवर मात्र हजारो कॅमेऱ्यांचे जाळे २०१६ पासून चालू आहे. २६/११ नंतर राम प्रधान समितीने सुचवलेल्या सुधारणांत ते होते, आणि त्याला माझा विरोध नाही. रस्त्यावरचा मी चोवीस तास दिसावा आणि ठाण्यातला मी त्या दोन तासांपुरता दिसेनासा व्हावा, याला आहे.

मुलगा आता माझ्याबरोबर येत नाही. त्याच्या वडिलांनी मला जिन्यात गाठून सांगितले, "काका, तुमचं काही बिघडणार नाही, आमच्या पोराचं आयुष्य पुढे आहे." परदेशात शिकायला जायचे तर पोलीस पडताळणी लागते, आणि त्या दोन ओळींचे तेव्हा काय होईल हे कोणी सांगावे? मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मिळवलेले फोटो त्याने मला दिले आणि दगडांच्या यादीत आपले नाव घालू नका, असे सांगितले. यादीत ते नाही.

दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या बृहन्मुंबई खंडपीठाकडे दाखल केले आहे. त्यात माझ्या मागण्या मोजक्या आहेत. चित्रण उपलब्ध नसल्याबद्दल बिघाडाची नोंद, दुरुस्तीची मागणी आणि तिची तारीख यांच्या प्रती मिळाव्यात. आमचे फोटो आणि आधार कार्डांच्या प्रतिमा कोणत्या ग्रुपवर गेल्या व त्या पुसल्या गेल्या का, याचे शपथपत्र घ्यावे. आणि मनाईची अधिसूचना निरंक असल्याचे जे लेखी उत्तर मला मिळाले आहे, ते कलम ४ प्रमाणे ठाण्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याची शिफारस करावी, म्हणजे पुढच्या माणसाला ते छापून खिशात ठेवता येईल. अपिलाला क्रमांक पडला आहे. तारीख लागायची आहे.